युनिफॉर्म पिवळा पडलाय

तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. नर्सिंग कॉलेजात, वॉर्डात आणि मावशीच्या घरातही ती भिंगरी होती. जिना उतरताना ती शेवटच्या तीन पायऱ्या सोडून द्यायची, चहा गरम असतानाच संपवायची आणि समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी स्वतःच पूर्ण करायची. पाठांतर म्हणाल तर अफाट. औषधांची पानंच्या पानं तिला तोंडपाठ असत. पण प्रश्न विचारणाऱ्याला ती श्वास घ्यायलाही उसंत देत नसे, मग उत्तर कळलंय की नुसतं तोंडात आलंय हे ओळखायचं कसं?

या घाईनेच पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिचा घात केला. रोग्याला औषध देऊन दाखवायचं होतं. ते हृदयाचं असल्यामुळे आधी नाडी मोजायची होती, पूर्ण एक मिनिट. आता पूर्ण मिनिट कोण मोजतं? पंधरा सेकंद मोजायची आणि चारने गुणायचं, ही विद्यार्थिनींची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली विद्या. फार कंटाळा आला तर मनगटाला नुसता हात लावायचा आणि बहात्तर म्हणायचं. बहात्तर कुणाला खटकत नाही. भिंगरीने खणखणीत आवाजात बहात्तर म्हटलं, तेव्हा परीक्षक बाईंनी रोग्याचं दुसरं मनगट धरलेलं होतं हे तिच्या गावीही नव्हतं.

"माझ्या हातात ब्याण्णव आहेत," परीक्षक बाई म्हणाल्या. "या गृहस्थांना दोन हृदयं आहेत का?"

भिंगरी नापास झाली. आता एकच संधी उरली होती. तीही गेली तर अख्खं वर्ष पुन्हा, मैत्रिणी पुढे आणि आपण मागे. त्याहून वाईट म्हणजे मावशीचा शब्द खाली पडणार होता. भिंगरीचे वडील तिला या शिक्षणाला पाठवायला तयार नव्हते. "ही एका जागी पाच मिनिटं बसत नाही, ही काय रोगी सांभाळणार?" असं त्यांचं म्हणणं. मावशीच मध्ये पडली होती. "माझ्याकडे राहील, मी बघते, पास नाही झाली तर मला विचारा," असं ती बहिणीच्या नवऱ्याला छातीठोकपणे सांगून बसली होती.

कॉलेजातल्या ट्यूटर बाईंनी नापास भिंगरीला एकच सल्ला दिला, घरी सराव कर. भिंगरीने तो लगेच मनावर घेतला. घरात हृदयाची रोगी आयतीच होती. मावशी कित्येक वर्षं डिगॉक्सिनची गोळी घेत होती, रोज सकाळी एक.

"मावशी, आजपासून तुझी गोळी माझ्याकडे," भिंगरीने जाहीर केलं. "काकांना सांगून टाक."

"सांगते," मावशी म्हणाली.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, दर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम आणून कपाटात ठेवत. त्यातलं एक पाकीट भिंगरीने उचललं, एका छोट्या ट्रेवर स्वच्छ रुमाल अंथरला, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा वॉर्ड झाला.

"आपलं नाव सांगा."

"अगं, कुकरची शिट्टी होतेय."

"जन्मतारीख सांगा."

"तुझ्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. दे ती गोळी इकडे."

मग नाडी. मावशीची नाडी मोजणं ही साधी गोष्ट नव्हती, कारण मावशी त्या हाताने कणीक मळत नसली तर त्याच हाताने बोलत तरी असायची. भिंगरी पंधरा सेकंद कशीबशी मनगट धरून ठेवायची. पंधरा ठोके, पंधरा चोक साठ. साठाच्या खाली असेल तर ही गोळी द्यायची नाही, हे तिला पाठ होतं. साठ म्हणजे काठावर पास. गोळी दिली की ती दप्तर खांद्याला लावून जिना उतरायची, शेवटच्या तीन पायऱ्या सोडून.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिचं पाठांतर चाले. डिगॉक्सिन जास्त झालं तर काय होतं, याला तिने स्वतःच एक चाल लावली होती. "भूक मरते, मळमळ होते, थकवा येतो, गरगरतं, सगळं पिवळं-हिरवं दिसतं, दिव्याभोवती कडी दिसतात, नाडी मंदावते, ठोके चुकतात." रोज ऐकून ऐकून मावशीलाही ते तोंडपाठ झालं.

भिंगरीने घाईत कधी एखादं लक्षण गाळलं, तर "थकवा राहिला," असं मावशी खुर्चीत मान टेकून म्हणायची. आणि पुढ्यातलं ताट न खाताच बाजूला सारायची.

काही आठवड्यांनी युनिफॉर्मचं प्रकरण सुरू झालं. सकाळी भिंगरी पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून, छातीवर उलटं घड्याळ टाचून बाहेर आली, तर मावशीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा धुतलास कधी?"

"काल."

"पिवळा पडलाय. साबण लावला होतास की नुसता पाण्यात फिरवलास?"

आता मावशीच्या नजरेबद्दल सांगायला हवं. धुतलेल्या पेल्यावरचा बोटाचा ठसा तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. शेजारणींच्या दोरीवरचे कपडे बघून कुणाकडे कामाला नवीन बाई आलीय हे ती सांगू शकायची. स्वच्छतेच्या बाबतीत मावशी बोलली की घरात वर अपील नसे. भिंगरीला स्वतःला युनिफॉर्म पांढराच दिसत होता. पण मावशीपुढे आपल्या डोळ्यांची काय पत्रास, असं म्हणून तिने तो संध्याकाळी पुन्हा धुतला. मग नीळ घातली. मग साबण बदलला. मग गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवला. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या, तुझ्या युनिफॉर्मकडे बघायला आता काळा चष्मा लागेल. मावशी म्हणाली, "अजून पिवळाच आहे."

"काका, तुम्ही सांगा," भिंगरीने दाद मागितली.

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं, आधी बायकोकडे पाहिलं आणि मग युनिफॉर्मकडे. "असेल थोडा पिवळट," ते म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं तरी कमावलं होतं.

हळूहळू संशयाचा फेरा वाढत गेला. मावशीला दूध पिवळं दिसू लागलं, तर दूधवाल्याला चार शब्द ऐकावे लागले. पडदे पिवळे दिसू लागले, म्हणून ते धुवायला निघाले. स्वयंपाकघरातल्या दिव्याचा उजेडच मेला खराब आहे असं ठरलं, तेव्हा काका स्टुलावर चढून नवी ट्यूब लावून उतरले. अख्खं घर पांढरं करण्याच्या मागे लागलं होतं, आणि त्यातली एक मुलगी रोज संध्याकाळी मोठ्याने म्हणत होती, सगळं पिवळं-हिरवं दिसतं.

तुमच्या कधीच लक्षात आलं असेल. भिंगरीच्या नाही आलं, आणि तिला फार हसू नका. ती लक्षणं पेशंटची होती. मावशी पेशंट कुठे होती? मावशी मावशी होती. तिला जेवण जात नव्हतं ते उकाड्याने, थकवा यायचा तो कामाने, आणि नाडी कधी पंधराच्या ऐवजी चौदा लागली तर एखादा ठोका आपल्याच मोजण्यातून निसटला असणार, असं म्हणून भिंगरी पंधरा धरायची आणि गोळी द्यायची.

परीक्षेच्या सकाळी तर मावशीने कपाळाला हातच लावला. "आज तरी बरा घालून जायचास. परीक्षक काय म्हणतील?"

"त्या नाडी बघतात, मावशी, कपडे नाही."

"सगळं बघतात. मी असते तर बघितलं असतं," मावशी म्हणाली आणि भिंतीला धरून सावकाश खाली बसली. भिंगरीने तिला गोळी दिली, आशीर्वाद घेतला आणि धावत सुटली.

वॉर्डात परीक्षक बाई त्याच होत्या. साखळीला अडकवलेला चष्मा, कामापुरतं बोलणं, आणि चेहरा असा की ओळख आहे की नाही ते कळू नये. विद्यार्थिनींचे फोन दारातच काढून घेतले होते. भिंगरीच्या वाट्याला खिडकीजवळची खाट आली. त्यावर एक रिटायर्ड बस ड्रायव्हर आजोबा तक्क्याला टेकून बसले होते. त्यांनाही तीच गोळी होती, डिगॉक्सिन. भिंगरीला मनातून बरं वाटलं. या गोळीची तर आपण रोज घरी उजळणी केलीय.

तिने नाव विचारलं, आजोबांच्या मनगटावरच्या नावाच्या पट्टीशी ताडून पाहिलं. गोळीचं पाकीट तीनदा वाचलं. परीक्षक बाईंनी मान हलवली.

"ही जास्त झाली तर रोग्यात काय दिसेल?"

भिंगरीने डोळे मिटले आणि सुरू केलं. भूक मरते, मळमळ होते, थकवा येतो, गरगरतं, सगळं पिवळं-हिरवं दिसतं, कडी दिसतात, मंदावते, चुकतात. चालीसकट, एका दमात.

"बरोबर आहे," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण हे तू म्हटलंस. पाहिलंयस का कधी?"

"नाही बाई."

"हं. आता ठोके मोज. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून, पूर्ण मिनिट."

भिंगरीने स्टेथोस्कोप लावला, आजोबांच्या छातीवर ठेवला आणि सेकंदकाटा बघायला मान खाली घातली. घड्याळ तिच्याच छातीवर टाचलेलं होतं. पंधरा सेकंदांच्या कारभारात तिने त्या घड्याळाकडे नुसती नजर टाकलेली असायची. आज पहिल्यांदाच ती एका जागी, गप्प, मान खाली घालून, आपल्या युनिफॉर्मकडे मिनिटभर बघत राहणार होती.

वीस, एकवीस, बावीस. काट्याभोवती पांढरं कापड होतं. त्याच्या पलीकडे आजोबांच्या अंगावरची चादर, तीही दवाखान्याची, पांढरी म्हणायची. सव्वीस, सत्तावीस. चादरीपेक्षा युनिफॉर्म कितीतरी जास्त पांढरा होता. पिवळेपणाचा त्यात मागमूस नव्हता. चौतीस. मग मावशीला तो पिवळा कसा दिसतो? मावशीचे डोळे तर... अडतीस. दूध पिवळं. पडदे पिवळे. ताट बाजूला सारलेलं. भिंतीला धरून बसलेली. चौदाला पंधरा धरलेली नाडी.

ती रोज म्हणत होती ते सगळं एक एक करून तिच्यासमोर येऊन उभं राहिलं, आणि या वेळी त्याला चाल नव्हती. काटा फिरत होता, कानात आजोबांचे ठोके पडत होते, पण आकडा हरवला होता.

आता खरं सांगायचं तर बहात्तर म्हणता आलं असतं. आज परीक्षक बाईंच्या हातात दुसरं मनगट नव्हतं. बहात्तर म्हणायचं, गोळी द्यायची, पास व्हायचं आणि मग घरी पळायचं. भिंगरीने कानातून स्टेथोस्कोप काढला.

"बाई, माझं मोजणं चुकलं," ती म्हणाली. "आणि मला आत्ताच्या आत्ता घरी फोन करायचाय."

"परीक्षा चालू आहे."

"माझ्या मावशीला माझा युनिफॉर्म पिवळा दिसतो."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं म्हटलं असतं. आजोबांनी तसं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण परीक्षक बाईंनी तीस वर्षं वॉर्डात काढली होती. त्यांनी भिंगरीच्या युनिफॉर्मकडे एकदा पाहिलं, साखळीला लोंबणारा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "मावशी कोणती गोळी घेतात?"

"हीच."

बाईंनी स्वतःच्या पर्समधून फोन काढला. "नंबर सांग."

पाठांतर पहिल्यांदा खऱ्या कामाला आलं. फोन काकांनी उचलला.

"काका, मावशी काय करतेय?"

"पडलीय. गरगरतंय म्हणते. तुझी परीक्षा झाली का?"

"तिची नाडी... नको, ते राहू दे. आज तिला गोळी मी दिलीय, पण..."

"तू दिलीस?" काका म्हणाले. "गोळी मी दिली. सकाळच्या चहाबरोबर. रोज मीच देतो."

"रोज मी देते, काका. आंघोळ झाल्यावर. महिना झाला."

मग मागून मावशीचा बारीक आवाज आला, "कोण आहे? तिला म्हणावं परीक्षा सोडून गप्पा कसल्या मारतेस."

परीक्षक बाईंनी फोन आपल्याकडे घेतला. "मी दवाखान्यातून बोलतेय. बाईंना उठवू नका, चालवू नका. आणखी कुठलीही गोळी देऊ नका. घरात असतील ती सगळी पाकिटं सोबत घ्या. मी ॲम्ब्युलन्स पाठवते, पत्ता तुमची भाची सांगेल." एवढं बोलून त्यांनी सगळी व्यवस्था लावली आणि मग भिंगरीकडे वळल्या. "ॲम्ब्युलन्सला जाऊन यायला वेळ लागेल. तुला खाली जाऊन थांबायचं असेल तर थांब, मी अडवणार नाही. पण परीक्षा अपुरी राहिली तर ती पुरी आहे असं मला लिहिता येणार नाही."

भिंगरी दाराकडे वळलीही होती. मागून आजोबा खाकरले.

"बाळ, गाडी यायच्या आधी स्टॉपवर पळून काय उपयोग? माझी गोळी तेवढी राहिलीय बघ."

ती परत आली. तिने डोळे पुसले, स्टेथोस्कोप लावला आणि मान खाली घातली. त्या मुलीला आयुष्यात कधी नव्हे इतकी घाई त्या मिनिटात होती, आणि त्याच मिनिटात तिने एकही सेकंद गाळला नाही. काटा फिरून जागेवर आला तेव्हा ती म्हणाली, "अडुसष्ट. नियमित आहेत."

गोळी हातात घेऊन ती थांबली. मग तिने कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला. "आजोबा, आज सकाळपासून ही गोळी तुम्हाला आणखी कुणी दिलीय का?"

"नाही बाळ. तुझ्याआधी कुणी फिरकलंच नाही."

तरीही तिने खाटेजवळचा औषधांच्या नोंदीचा कागद बघून खात्री केली, मगच गोळी दिली, ती गिळलेली पाहिली आणि लगेच त्यावर सही केली. मग ती पळाली. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या तिने त्या दिवशीही सोडल्या, आणि त्याबद्दल तिला कुणी काही म्हणू नये.

मावशी स्ट्रेचरवरून आली तेव्हा तिची नाडी पन्नाशीच्याही बरीच खाली होती आणि मध्येच ठोके गाळत होती. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासायला पाठवलं, गोळी बंद केली आणि तिला देखरेखीखाली ठेवलं. "वेळेवर आणलंत," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा काका मटकन बाकावर बसले. त्यांच्या दोन हातांत दोन पाकिटं होती, एक त्यांचं आणि एक भिंगरीचं. दोन्ही सारखीच रिकामी होत आली होती.

"तू काकांना सांगितलं नाहीस," भिंगरी मावशीच्या खाटेशी जाऊन म्हणाली. आवाज चढवायचा होता, पण चढेना.

मावशीने डोळे उघडले. "काय सांगू? रिटायर झाल्यापासून सकाळी उठून गोळी आणून देणं एवढं एकच काम उरलंय त्यांना. किती प्रेमाने पेला धुऊन आणतात. तेही काढून घेऊ? आणि तुला सराव हवा होता. तुलाही नाही म्हणवेना. एवढीशी तर गोळी. म्हटलं, दोघांचंही मन राखू."

"मन राखता राखता जीव गेला असता तुझा."

"मोजत होतीस ना तू रोज," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष नव्हता, नुसता विश्वास होता, आणि तोच भिंगरीला सहन झाला नाही. ती खाटेच्या कठड्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली. चौदाला पंधरा म्हणत होते मी, मावशी, एवढंच तिला त्यातून बोलता आलं.

मावशीने सुई टोचलेला हात जपून उचलला आणि तिच्या केसांवरून फिरवला. "मग आता चौदा म्हण," ती म्हणाली.

निकाल दुसऱ्या दिवशी ट्यूटर बाई वॉर्डातच घेऊन आल्या. भिंगरी पास होती, अगदी काठावर. मोजणं चुकल्याचे गुण परीक्षक बाईंनी कापले होते, परीक्षेत फोन केल्याचेही कापले होते. एका ठिकाणी मात्र पैकीच्या पैकी होते, गोळी देण्याआधीच्या चौकशीला. काकांनी लगेच भिंगरीच्या वडिलांना फोन लावून ही बातमी दिली, अर्थात काठाचा भाग वगळून.

त्यानंतर चार-पाच दिवस भिंगरीचं बस्तान मावशीच्या खाटेजवळच्या खुर्चीत होतं. तासांना जायचं, वॉर्डात काम करायचं आणि तिथूनच परत यायचं. घरी जायला फुरसत नव्हती. अंगावरचा युनिफॉर्म चुरगळला होता, त्यातच ती खुर्चीत झोपत होती, आणि धुण्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. मावशी बहुतेक वेळ डोळे मिटून पडून असायची. जागी झाली की भिंगरी तिचं मनगट धरायची आणि पूर्ण मिनिट एक शब्द बोलू द्यायची नाही. मावशीला या उपचाराचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

एका सकाळी असंच मिनिट चालू होतं. काका डब्यातला चहा पेल्यात ओतत होते. मावशीने अर्धी इडली संपवली होती आणि आता ती भिंगरीकडे टक लावून बघत होती. तिच्या कपाळाला जुनी, ओळखीची आठी पडली. ओठ शिवशिवू लागले. काटा जागेवर येईपर्यंत तिने कसाबसा दम धरला.

"चौसष्ट," भिंगरी म्हणाली. "बोल आता."

"हे काय घालून बसलीस? खिशाजवळ चहा सांडलाय तुझ्या. केवढा डाग तो. पांढऱ्या कपड्यावर असला डाग घेऊन दवाखानाभर हिंडतेस, लाज नाही वाटत?"

काकांच्या हातातला पेला तिथेच थांबला. भिंगरीने खिशाकडे पाहिलं. डाग होता, जेमतेम मुगाएवढा.

"कसल्या कपड्यावर, मावशी?"

"पांढऱ्या."

"परत म्हण."

"पांढऱ्या," मावशी म्हणाली. "कान गेलेत का तुझे? आधी घरी जा आणि तो भिजत घाल."